गिरिजाक्कांचं तळमजल्यावरचं टेबल

मी बंगळुरात आले तेव्हा माझी ठाम समजूत होती की इथे भेटणारा मराठी माणूस पुण्यामुंबईचा, नाहीतर नागपूरचा असणार, आणि आपल्यासारखाच कुठल्यातरी कंपनीच्या कृपेनं इथे येऊन पडलेला असणार. ही समजूत गिरिजाक्कांनी पहिल्याच दिवशी मोडली. मिक्सर आणि ग्राइंडर बनवणाऱ्या एका कंपनीत मी रुजू व्हायला गेले होते. बसवनगुडीतल्या जुन्या इमारतीत ऑफिस होतं. तळमजला, वर दोन मजले, लिफ्ट नाही. वर जायचा जिना कुठे म्हणून विचारायला मी खालच्या तक्रार विभागात डोकावले, तर टेबलामागची उंच बाई टेबलाला हात टेकून उभी राहिली. तिनं मला खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात कॉफी मागवली आणि मग कानडीत काहीतरी विचारलं. मला कानडी येत नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिनं भाषा बदलली.

"पुण्याच्या काय?"

"हो."

"कशानं आलात?"

"विमानानं."

"बरं बरं. आमी घोड्यावरनं आलो. स्वल्प आधी."

स्वल्प म्हणजे थोडं, हे मला नंतर कळलं. गिरिजा माने यांच्या पूर्वजांनी घोडी आणून बंगळुरात मुक्काम ठोकला त्याला काही शतकं होऊन गेली होती, आणि त्यांच्या मते हे थोडंच होतं. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. महिन्याभरात मीच आईला फोनवर "स्वल्प थांब" म्हणायला लागले, तेव्हा हसणं बंद झालं.

ऑफिसात सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणजे मोठी बहीण. त्या मात्र सगळ्यांना अहो-जाहो करत. चहा आणणाऱ्याला, वॉचमनला, मला, कुणालाही. अरेतुरे फक्त मिक्सरला. बिघडलेला मिक्सर समोर आला की त्या त्याचं भांडं काढून आत बघत आणि म्हणत, "काय रे, काय झालं तुला?" मी वरच्या मजल्यावर बसून सूचनापुस्तिका लिहायचे. 'झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये' हे माझं आजवरचं सर्वांत जास्त खपलेलं वाक्य. ते वाक्य कुणीही वाचत नाही, याचा पुरावा रोज खाली अक्कांच्या टेबलावर येऊन पडायचा.

त्या नेहमी कडक इस्त्रीची, जमिनीला टेकणारी साडी नेसत. चालताना उजव्या अंगाला एक झोक जायचा. उंच बाई, ताठ मान आणि तो झोक. आम्ही सगळे त्याला ऐट समजत होतो. "अक्का आल्या, रस्ता द्या," असं आमच्यातले टवाळ लोक म्हणायचे. अक्काही हसून मान डोलवत पुढे जायच्या.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार खटकायची. माणूस समोर आला की त्या उठायच्या. ग्राहक असो, साहेब असो, कुरिअरवाला असो. दिवसाला कितीतरी वेळा टेबलाला हात टेकून उठणं, समोरच्याला बसवणं, आणि तो बसल्यावरच स्वतः बसणं. निघाला की फाटकापर्यंत सोडायला जाणं. मी एकदा म्हटलं, "अहो अक्का, सर्व्हिस सेंटर आहे हे. लग्नघर नाही."

"आलेला माणूस रागानं आलेला असतोय बगा," त्या म्हणाल्या. "आपण बसून राहिलो तर तो उभा राहून भांडतोय. आपण उठलो की त्याला लाज वाटतीय, बसतोय. मग भांडण कमी." हे सांगून झाल्यावर त्यांनी आणखी एक कारण जोडलं, आणि तेच खरं होतं असं मला वाटतं. "आणि ऑफिस माझंच हाय की. माझ्या घरी पाहुणा आला तर मी बसून राहीन काय?"

एकदा बेळ्ळंदूरहून एक नवराबायको आले. दोघंही कुठल्यातरी मोठ्या कंपनीत. सगळ्या गर्दीतून मिक्सर मांडीवर घेऊन आले होते आणि रस्त्यात एकमेकांशी बरंच भांडले असावेत. नवीन मिक्सर, सुरूच होत नाही, आम्ही ग्राहक मंचात जाऊ वगैरे इंग्रजीत सुरू झालं. मी योगायोगानं तिथे होते. मिक्सर उलटा केला की बुडाशी एक लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं, दाबलं की मिक्सर सुरू. माझ्या पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर चित्रासकट आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. त्यांनी मिक्सर उचलला, आतल्या खोलीत नेला, त्या दोघांना कॉफी पाठवली. दहाएक मिनिटांनी मिक्सर घेऊन बाहेर आल्या. "सरी झाला," म्हणजे ठीक झाला, त्या म्हणाल्या. "आत स्वल्प काम होतं." दोघं खूश होऊन गेले, जाताना एकमेकांशी बोलतही होते.

"आत काय केलंत?" मी विचारलं.

"बटण दाबलं आणि माझी कॉफी प्यायले."

"इथेच दाबलं असतं तर?"

"एवढ्या लांबनं आले. नुसतं एक बटण होतं म्हणून सांगितलं तर घरी जाईपर्यंत भांडतील. दुसऱ्याला कशाला लाजवायचं?"

आमच्या पुण्यात हे बटण दाबून वर चार वाक्यं ऐकवली गेली असती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते गंमत म्हणून ऐकून घेतलं.

दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या या बाईनं स्वतः कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पंखा बंद पडला तर वहीनं वारा घ्यायच्या. सांबार खारट असलं तर ताक मागायच्या. आणि मग एका वर्षी कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की तळमजल्यावर 'एक्स्पीरियन्स सेंटर' करायचं. काचेचं दार, चकाचक ओटा, त्यावर नवे मिक्सर, एक शेफ येणार आणि चटण्या करून दाखवणार. शेजारीच लोक बिघडलेले मिक्सर घेऊन भांडताना दिसले तर नवा कोण घेणार? त्यामुळे तक्रार विभागाची रवानगी दुसऱ्या मजल्यावर झाली. आम्ही हातोहात खुर्च्या, टेबलं वर नेली. अक्कांनी गणपतीची तसबीर स्वतः लावली आणि सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. वर उजेड छान आहे म्हणाल्या.

त्यानंतर एक बदल झाला, तो कुणाच्या लक्षात आला नाही. अक्का सर्वांच्या आधी येऊ लागल्या आणि सर्वांच्या नंतर जाऊ लागल्या. जेवायला खाली उतरेनाशा झाल्या. वॉचमन सांगायचा, अक्का कुलूप उघडायच्या वेळेला हजर असतात. साहेबांनी एका मीटिंगमध्ये त्यांच्या कामसूपणाचं कौतुक केलं आणि आम्हा बाकीच्यांना त्यांचा आदर्श ठेवायला सांगितलं.

एके दिवशी मला एक पुस्तिका छपाईला पाठवायची होती म्हणून मी खूप लवकर गेले. जिन्याच्या तोंडाशी आले आणि थबकले. अक्का जिन्यात होत्या. पाठ वरच्या बाजूला करून पायरीवर बसलेल्या. दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून त्या वरच्या पायरीकडे घेत, मग हात मागे टेकून स्वतःला एक पायरी वर ढकलत. साडी गुडघ्यापर्यंत वर झाली होती आणि त्याखाली लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे दिसत होते. लहान मुलं ढुंगणावर सरकत जिना चढतात, तशी ही आमची ताठ मानेची बाई चढत होती. केसांतला मोगरा घामानं मानेला चिकटला होता.

त्यांनी मला बघितलं. आधी साडी खाली ओढली. मग म्हणाल्या, "स्वल्प दमले बगा." मी त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नको." एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'तू' म्हटलेलं ते एकदाच.

तिथेच त्यांनी मला सांगितलं. लहानपणी पोलिओ झाला होता. घरात पाहुणे आले की कोपऱ्यात बसलेल्या मुलीकडे बघून "बिचारी" म्हणायचे. वडील शिंपी होते. त्यांना तो शब्द सहन व्हायचा नाही. मग त्यांनी शिस्त लावली, पाहुणा दारात आला की गिरिजानं उठायचं आणि पाणी घेऊन जायचं. पडली तरी चालेल, सांडलं तरी चालेल. मुलगी पाणी घेऊन आली की पाहुणे पावसापाण्याचं बोलायचे, बिचारी म्हणायचे नाहीत. वडिलांनीच तिच्यासाठी साड्यांना वेगळा फॉल लावला, की पट्ट्या दिसू नयेत. अशी सगळी उमर काढली. आता पन्नाशी उलटल्यावर तोच पाय पुन्हा दुबळा व्हायला लागला होता. पोलिओ झालेल्यांचं उतारवयात असं होतं, जिने टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सपाट जमिनीवर अजून काही अडत नव्हतं.

"मग साहेबांना सांगा ना. खाली एक टेबल मागा," मी म्हटलं.

"मग सगळ्यांना कळतंय की."

पुढे त्या जिन्यातच एकदा पडल्या आणि मनगट दुखावून बसल्या, तेव्हा त्यांनी अर्ज केला. मागणी काय, तर तळमजल्यावर एक टेबल. काचेच्या दाराच्या आत नको, मागच्या व्हरांड्यात चालेल. कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं. संपूर्ण विभाग एकत्र बसणं कामाच्या दृष्टीनं आवश्यक आहे. तथापि कंपनीला कर्मचाऱ्यांची काळजी असल्यामुळे त्यांची देवनहळ्ळीच्या गोदामात, तळमजल्यावर, बदली करण्याची तयारी आहे.

देवनहळ्ळी म्हणजे विमानतळाजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अक्कांना प्रवासाचं काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "तिथं कोण येतंय? नुसती खोकी. खोक्यांना काय विचारू मी?" त्यांना निवृत्तीपर्यंत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या होत्या, समोरासमोर, पहिल्यासारख्या. त्यांची सगळी मागणी एवढीच होती, आणि मला ती अजूनही फार थोडी वाटते.

मी भारती मॅडमना गाठलं. या आमच्या कॉलनीतल्या वकील, तिशीतल्या, बोलायला तडफदार. त्यांनी सांगितलं, अपंग कर्मचाऱ्याला कामाच्या जागी वाजवी सोय करून देणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि अशा तक्रारी ऐकायला सरकारी कार्यालय आहे. डॉक्टरांच्या दाखल्यासह तक्रार गेली. सही करताना अक्कांनी विचारलं, "साहेबांना वाईट तर वाटणार न्हाई?" भारती मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

कार्यालयानं एक तपासणी अधिकारी पाठवायचं ठरवलं. प्रत्यक्ष जागा आणि जिना बघायला. आम्ही हुरळून गेलो. एकदा माणसानं येऊन डोळ्यांनी बघितलं की प्रश्न मिटला.

त्या दिवशी मी छापखान्यात अडकले होते. जे झालं ते मला वॉचमननं सांगितलं, नंतर अक्कांनीही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात काडीचाही फरक नव्हता. अक्का ठेवणीतली रेशमी साडी नेसून आल्या होत्या. गांधी बाजारातून ताजा गजरा. सकाळी डॉक्टरांनी दिलेल्या वेदनेच्या गोळ्या एकदम घेतलेल्या. अधिकारी रिक्षातून उतरले तेव्हा अक्का फाटकाशी उभ्या होत्या. गृहस्थ निवृत्तीला आलेले, अंगानं जाड, दम लागणारे. "बन्नी बन्नी," म्हणजे या या, असं म्हणत अक्कांनी त्यांना आत घेतलं. अधिकारी जिन्याकडे वळले. आणि अक्का त्यांच्याबरोबर जिना चढल्या. बसून नाही, उभ्यानं. कठड्याला एक हात, तोंडानं त्यांच्या गावाची चौकशी. पहिल्या मजल्यावर अधिकाऱ्यांना धाप लागली तेव्हा अक्कांनी त्यांच्या हातातली बॅगसुद्धा घेतली. वर पोचल्यावर त्यांना पंख्याखाली बसवलं, घरून आणलेली कोडबळी दिली, कॉफी दिली, आणि मग पुन्हा खाली, फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

पुढचा आठवडाभर त्या अंथरुणाला खिळून होत्या.

निकाल आला. तक्रारदार महिला सहजपणे वावरताना आढळल्या. दोन्ही मजले त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय चढून दाखवले. शिवाय कंपनीनं देऊ केलेली पर्यायी जागा त्यांनी नाकारली. तक्रारीत तथ्य नाही, सबब निकाली काढण्यात येत आहे. डॉक्टरांच्या दाखल्याचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता.

मी त्यांच्यावर चिडले, जवळजवळ ओरडलेच. "अहो पण तुम्ही चढलात कशाला? तेच तर बघायला आला होता ना तो माणूस!"

"मग काय करू? पहिल्यांदा आलेले. वय झालेलं. एकटेच वर जा म्हणू?"

"हो! एकटेच जा म्हणायचं!"

"आणि त्यांच्यापुढं मी तशी सरकत सरकत जाऊ?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. मग माझ्यापुढे बशी सरकवून म्हणाल्या, "कोडबळं घ्या. तुमी उपाशी असलात की फार चिडता."

भारती मॅडमनी त्या निकालाविरुद्ध हायकोर्टात याचिका केली. अक्कांना त्यांनी दोनदा नीट समजावलं की हायकोर्ट अक्कांच्या पायाची तपासणी करणार नाही. निकाल देणाऱ्यानं निकाल कसा दिला, समोरचे कागद वाचले का, तुमचं म्हणणं ऐकलं का, एवढंच बघणार. अक्का विचारात पडल्या. "म्हणजे आमच्यात कसं, मिक्सर न्हाई बघायचा. दुरुस्त करणाऱ्यानं तो उघडला की न्हाई ते बघायचं."

"अगदी बरोबर," भारती मॅडम म्हणाल्या.

तारखा पडत गेल्या. अक्का रजा टाकून यायच्या, काठी न घेता. काठी आणा, त्यात खोटं काही नाही, असं भारती मॅडम दरवेळी सांगायच्या आणि अक्का दरवेळी "सरी" म्हणायच्या. दरम्यान जिना तोच होता आणि अक्का रोज पहाटेसारख्या वेळेला येऊन तो चढत होत्या. चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला होता. तब्येतीबद्दल विचारलं की त्या ग्राहकांबद्दल बोलायच्या. आता वर फार कुणी येत नव्हतं. मिक्सर खालीच ठेवून घेत आणि मागल्या बाजूनं वर पाठवत. कुणाचा मिक्सर, चटणीचा की इडलीच्या पिठाचा, काही कळत नाही, असं त्या म्हणायच्या.

अखेर सुनावणी झाली. मी अक्कांच्या शेजारी मागच्या बाकावर होते. भारती मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि त्याबरोबर अक्काही उभ्या राहिल्या. मी पदर ओढला. त्या कानाशी पुटपुटल्या, "ती माझ्यासाठी उभी हाय. मी कशी बसू?" बोलणं बराच वेळ चाललं. अक्का बाकाच्या पाठीला धरून उभ्याच. कंपनीच्या वकिलांनी ते टिपलं. त्यांची पाळी आली तेव्हा ते हसून म्हणाले की याचिकाकर्त्या मघापासून कोर्टातच उभ्या आहेत, याहून अधिक काय सांगायचं.

मला रडू यायच्या बेतात होतं. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून मागे बघितलं आणि कानडीत अक्कांना बसायला सांगितलं. मग वकिलांना म्हणाले, "त्यांना उभं राहता येतं हे मलाही दिसतंय. उभं राहिल्यावर काय होतं हे त्यांना कुणी विचारलं का, एवढंच मला या कागदांत कुठे सापडत नाही."

निकाल रद्द झाला. दाखला वाचून, अक्कांचं म्हणणं ऐकून नव्यानं निर्णय घ्या असा आदेश झाला. बाहेर मी आणि भारती मॅडमनी एकमेकींना मिठी मारली. अक्का म्हणाल्या, "न्यायाधीश चांगला माणूस हाय. पण त्यांनी बसा म्हटल्यावर सगळ्यांनी मागं वळून बघितलं बगा."

मग पुन्हा तपासणी ठरली. या वेळी अधिकारी बाई होत्या, बरोबर डॉक्टर, कंपनीचे वकील, आमच्या भारती मॅडम. आम्ही अक्कांना शपथ घातली होती की उठायचं नाही, चढायचं नाही. त्या खाली व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहिल्या. अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळं विचारलं, दाखला वाचला, आणि म्हणाल्या की चढून दाखवायची काही आवश्यकता नाही. तिथेच सगळं संपलं असतं. पण कंपनीचे वकील म्हणाले, "मॅडम, आधीच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की या आरामात चढल्या. मग तेव्हा खोटं होतं, की आता खोटं बोलतायत?"

अक्कांचा चेहरा उतरला. त्या अधिकारी बाईंना म्हणाल्या, "मी रोज कशी जाते ते दाखवते." भारती मॅडम नको नको म्हणत पुढे झाल्या. अक्कांनी त्यांना हातानं बाजूला केलं.

जिन्याशी जाऊन त्या पाठमोऱ्या बसल्या. साडी गुडघ्याच्या वर घेतली आणि तिचा काठ कमरेला खोचला. मग पाय उचलला. हात मागे टेकले. एक पायरी. पुन्हा पाय उचलला. पट्ट्यांचा दगडावर आवाज व्हायचा. वरून, खालून, काचेच्या दारामागून सगळं ऑफिस बघत होतं. शेफसुद्धा हातात चमचा घेऊन उभा होता. अक्का आमच्या कुणाकडे बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पहिल्या मजल्यापर्यंत गेल्यावर अधिकारी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी "साकू, साकू" म्हणजे पुरे, पुरे, म्हणून त्यांना थांबवलं. कंपनीचे वकील तेवढ्यात फोन आल्याचं सांगून बाहेर गेले होते.

टेबल मिळालं. व्हरांड्यात नाही, चांगलं आत, काचेच्या दाराजवळ. पुढच्या पायऱ्यांवर उतार बांधला गेला. मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन दिलगिरी व्यक्त केली, आणि ती मनापासून होती असं मला वाटतं. अक्कांना हवं होतं ते सगळं झालं. ग्राहक पुन्हा थेट त्यांच्या समोर यायला लागले.

पण ज्यांनी तो जिना बघितला होता, त्यांना आता दुसरं काही दिसेना. अक्का आल्या की लोकांचे आवाज खाली जायचे. कुणीतरी पर्स घ्यायला धावायचं. कुणी खुर्ची धरायचं. टवाळ मंडळी सर्वांत आधी गप्प झाली. "रस्ता द्या" कुणी म्हणेना. न सांगताच सगळे भिंतीला चिकटून उभे राहायचे. कँटीनमध्ये नवीन आलेल्या मुलीला कुणीतरी हलक्या आवाजात अक्कांची गोष्ट सांगताना मी ऐकलं, आणि ती मुलगी काय म्हणाली तेही ऐकलं. शिंपी वडिलांना सहन न होणारा तोच शब्द. मला अजूनही त्याचं फार वाईट वाटतं. त्या मुलीची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती, आणि म्हणून कुणावर चिडताही येईना.

अक्कांना शेवटचं पाहिलं तो दिवस साधाच होता. मी खाली उतरत होते. एक म्हातारे गृहस्थ चटणीचं भांडं पिशवीत घालून आले होते, आणि अक्कांनी उठायला टेबलावर हात टेकला. तेवढ्यात तिघं एकदम पुढे धावले. "अक्का, तुम्ही उठू नका! आम्ही आहोत ना!" एकानं भांडं घेतलं, एकानं गृहस्थांना खुर्ची दिली. गृहस्थ अक्कांकडे बघायला लागले, मग त्यांच्या पायांकडे बघायला लागले. अक्का खाली बसल्या. भांड्याचा वॉशर बदलून दिला, नीट समजावून सांगितलं, पण गावाची, घरची चौकशी केली नाही.

संध्याकाळी त्यांनी पर्स उचलली आणि दाराकडे निघाल्या. सपाट जमीन होती, उतारही बेताचा होता, त्यांच्या झोकदार चालीनं आरामात जाण्यासारखा. वॉचमन आतून धावत आला. कंपनीनं त्यांच्यासाठी नवी चाकांची खुर्ची घेतली होती, ती ढकलत. त्याला धाप लागली होती आणि उशीर झाला म्हणून तो ओशाळला होता. "अक्का, कुत्कोळ्ळी," म्हणजे बसा, असं म्हणत त्यानं खुर्ची पुढे केली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. अक्कांनी खुर्चीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणतील असं मला एक क्षण वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. भारती मॅडम त्यांच्या घरी जाऊन आल्या, मी फोन केले, साहेबांनी निरोप धाडले. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, की तब्येत ठीक आहे, कुणाबद्दल काही तक्रार नाही.

पण त्या संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या होत्या. पर्स मांडीवर ठेवली, पदर सारखा केला, आणि धावत आलेल्या त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून चालता येत असूनही बसल्या.